अपुऱ्या रंगाचा हिशेब

शाळेच्या स्मृतिव्याख्यान-पुस्तिकेत पत्त्यांच्या खेळावरील लेख पाहून काही ज्येष्ठ वाचकांच्या कपाळावर आठ्या उमटतील, याची मला जाणीव आहे. तरीही हा विषय मी हेतुपूर्वक निवडला आहे. संभाव्यतेचे गणित शिकवताना एक गोष्ट मला वर्षानुवर्षे जाणवत आली आहे. नाणे उडवणे, फासा टाकणे, पिशवीतून रंगीत चेंडू काढणे ही उदाहरणे विद्यार्थी बिनचूक सोडवतात, पण त्याच विद्यार्थ्याला "मग आता तू काय करशील?" असे विचारले की तो गोंधळतो. संभाव्यता काढणे ही एक गोष्ट आणि तिच्या आधाराने निर्णय घेणे ही दुसरी. आयुष्यात उपयोग पडतो तो दुसरीचा, आणि पाठ्यपुस्तकात तिला जागा नसते.

ही दुसरी गोष्ट समजावून देण्यासाठी पोकर या खेळातील एका प्रसंगाइतके चांगले उदाहरण मला सापडलेले नाही. आपल्या पानांत एकाच रंगाची चार पाने जुळली आहेत, पाचवे आले तर डाव बहुधा आपला. पण ते अद्याप आलेले नाही, आणि समोरच्याने पैज लावली आहे. अशा वेळी पैज स्वीकारावी, वाढवावी, की पाने खाली ठेवावीत? एवढ्या एकाच प्रश्नाचा विचार येथे करावयाचा आहे.

ग्वाल्हेर-मुरारच्या मराठी घरांना पत्ते अपरिचित नाहीत. लक्ष्मीपूजनानंतर पत्ते मांडण्याची उत्तरेकडील चाल आपल्याही घरांत रुळली आहे. मेंढीकोट, बदाम सात आणि तीनपत्ती यांच्या जोडीला अलीकडे पोकरही आले आहे. सुटीत येणारी नातवंडे ते बरोबर घेऊन येतात. आमच्या स्नेह्यांच्या मंडळात त्याची छोटी स्पर्धा होते, ती चिंचोक्यांवर. प्रत्येकाला सारखेच चिंचोके मिळतात, ज्याचे संपले तो बाद, आणि शेवटी उरणाऱ्या तिघांना बक्षीस म्हणून पुस्तके. पुढील सर्व हिशेब अशाच घरगुती स्पर्धेचा आहे.

खेळाची ओळख

या खेळाचा सर्वाधिक प्रचलित प्रकार असा. प्रत्येकाला दोन पाने गुप्तपणे मिळतात. मग सर्वांसाठी सामाईक अशी पाच पाने टेबलावर उघडली जातात : प्रथम तीन एकदम, नंतर चौथे, नंतर पाचवे. प्रत्येक टप्प्यावर पैज लावण्याची संधी असते. पैजेचे चिंचोके मधल्या राशीत जातात. आपली दोन व टेबलावरची पाच, अशा सात पानांतून ज्याची उत्तम पाच पाने होतील, त्याची ती रास. किंवा बाकी सर्वांनी पाने खाली ठेवली तर जो एकटा उरेल त्याची.

पाचही पाने बदामाची, किंवा पाचही इस्पिकची, असा जो हात होतो त्याला या लेखात 'रंग' म्हटले आहे, आणि चार जुळून एक उणे असेल तर 'अपुरा रंग'.

तीनपत्ती खेळणाऱ्यांना येथे एक नवल वाटेल. तीनपत्तीत क्रमवार पाने रंगापेक्षा श्रेष्ठ मानतात; पोकरमध्ये रंग क्रमापेक्षा श्रेष्ठ. हा फरक कोणाच्या लहरीने पडलेला नाही. बावन्न पानांतून तीन पाने निवडण्याचे २२,१०० प्रकार आहेत. त्यांत साधा क्रम ७२० वेळा, तर साधा रंग १,०९६ वेळा येतो. पाच पाने निवडण्याचे प्रकार २५,९८,९६०. त्यांत साधा क्रम १०,२०० वेळा, तर साधा रंग ५,१०८ वेळाच येतो. जे दुर्मीळ ते श्रेष्ठ, एवढाच नियम दोन्हीकडे आहे. अशा निवडींची मोजणी आपल्याकडे जुनी आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास 'लीलावती'त सहा रसांपासून किती मिश्रणे होतील, असा प्रश्न घातला आहे. एकेक, दोनदोन, तीनतीन असे घेत गेल्यास त्याचे उत्तर ६३ येते. रसांच्या जागी पाने ठेवली की तीच रीत येथे चालते.

नऊ पाने, सत्तेचाळीस जागा

समजा, माझ्या हातात बदामाचा राजा व बदाम सत्ती आहे. टेबलावर बदाम दश्शी, बदाम तिर्री आणि इस्पिकची राणी उघडली आहे. बदामाची एकूण पाने तेरा, त्यांपैकी चार मला दिसली, उरली नऊ. मी पाहिलेली पाने पाच. न पाहिलेली सत्तेचाळीस. म्हणून पुढचेच पान बदामाचे असण्याची संभाव्यता ९/४७, म्हणजे सुमारे १९ टक्के.

येथे चौकस विद्यार्थी हमखास विचारतो : "त्या नऊंपैकी काही बदाम इतरांच्या हातात गेले असतील, मग ते मोजायचे कसे?" शंका योग्य आहे. पण ते कोणाकडे गेले हे मला ठाऊक नाही. इतरांच्या हातातले पान आणि गड्डीतले पान ही दोन्ही माझ्या दृष्टीने सारखीच अज्ञात. म्हणून सत्तेचाळीसही पाने हिशेबात धरावयाची. संभाव्यता ही पानांपेक्षा आपल्या ज्ञानाचे माप असते, हा मोठा धडा या छोट्या शंकेत दडलेला आहे.

दोन पाने यायची असतील तर १९ आणि १९ मिळून ३८ टक्के, असे म्हणण्याचा मोह होतो. ते चूक आहे, कारण दोन्ही वेळा बदाम आला तर तो प्रसंग दोनदा मोजला जातो. उलट बाजूने मोजावे. पहिले पान बदामाचे नसण्याची संभाव्यता ३८/४७, दुसरेही नसण्याची ३७/४६. गुणाकार १,४०६/२,१६२, म्हणजे ६५ टक्के. म्हणून दोहोंपैकी निदान एक बदाम येण्याची संभाव्यता ३५ टक्के. खेळताना कागद-पेन्सिल हाती नसते. त्यासाठी सोपी युक्ती अशी की हवी असलेली पाने नऊ असतील तर एका पानासाठी नवाला दोनाने गुणावे (१८) आणि दोन पानांसाठी चाराने (३६). अंदाजापुरते एवढे पुरे.

मात्र एक सावधगिरी हवी. ३५ टक्के हा आकडा तेव्हाच वापरावा, जेव्हा एकदाच चिंचोके भरून दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील. चौथ्या पानानंतर पुन्हा पैज भरावी लागणार असेल, तर आज विकत मिळते ते एकच पान, आणि त्याचे मोल १९ टक्क्यांनीच करावयाचे.

किंमत आणि संधी

संधी किती हे कळले. पण तेवढ्यावर निर्णय होत नाही. संधीची किंमत काय मागितली जात आहे, हे पाहावे लागते. आपण बाजारात भाजी घेताना जे करतो तेच.

समजा, चौथे पानही बदामाचे आले नाही. आता न पाहिलेली पाने ४६, त्यांत बदाम ९. मधल्या राशीत ६० चिंचोके आहेत. समोरच्याने २० टाकले. रास ८० झाली. मला २० भरावयाचे आहेत. हाच प्रसंग ४६ वेळा आला अशी कल्पना करा. नऊ वेळा मी ८० मिळवीन : ७२०. सदतीस वेळा मी २० गमावीन : ७४०. म्हणजे ४६ डावांत २० चिंचोक्यांचा तोटा. दर डावाला अर्ध्या चिंचोक्याहूनही कमी. व्यवहार जवळजवळ बरोबरीचा आहे. त्यातच, बदाम आल्यावर समोरचा माणूस आणखी २० चिंचोके देईल असा भरवसा असेल, तर नऊ वेळा १०० म्हणजे ९०० मिळतात आणि पैज स्वीकारणे योग्य ठरते.

आता समोरच्याने २० ऐवजी ६० टाकले असे समजा. मला ६० भरून १२० मिळवायचे आहेत. नऊ वेळा १२० म्हणजे १,०८०. सदतीस वेळा ६० म्हणजे २,२२०. ४६ डावांत १,१४० चा तोटा, दर डावाला सुमारे २५. पाने तीच, संधी तीच. पण किंमत बदलली आणि निर्णय उलटला. "रंग येण्याजोगा होता, मग पाने कशी टाकू?" असे म्हणणारा खेळाडू संधी पाहतो, किंमत पाहत नाही.

अपुऱ्या डावालाही मोल असते, हा विचार युरोपात इ.स. १६५४ मध्ये पास्कल आणि फर्मा यांच्या पत्रव्यवहारात स्पष्ट झाला. अर्धवट थांबलेल्या खेळातील रक्कम दोघा खेळाडूंत कशी वाटावी, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. झालेल्या डावांकडे न पाहता होऊ शकणाऱ्या डावांची मोजणी करून वाटणी करावी, हे त्यांचे उत्तर. संभाव्यतेच्या आधुनिक शास्त्राचा आरंभ तेथून मानतात. आपला अपुरा रंग म्हणजे असाच एक अर्धवट थांबलेला डाव आहे.

स्पर्धेत चिंचोका सारख्याच मोलाचा राहत नाही

येथवरचा हिशेब एकेका डावाचा झाला. स्पर्धेत आणखी एक बाब येते, आणि चांगले खेळणारेही तेथे फसतात.

समजा, स्पर्धेत चौघे उरले आहेत आणि बक्षिसे तीनच : पहिल्यास पाच पुस्तके, दुसऱ्यास तीन, तिसऱ्यास दोन. एकूण चिंचोके ८००, प्रत्येकाजवळ २००. एका डावात चौघांनी प्रत्येकी ४५ टाकले. रास १८० झाली, प्रत्येकाजवळ १५५ उरले. तीन पाने उघडली आणि माझा अपुरा रंग झाला. समोरच्या एकाने आपले सर्व १५५ पुढे सारले. बाकीच्या दोघांनी पाने ठेवली. आता मला १५५ भरून ३३५ मिळवायचे आहेत. त्यासाठी ४९० पैकी १५५, म्हणजे सुमारे ३२ टक्के संधी पुरे. माझी संधी ३५ टक्के आहे. चिंचोक्यांचा हिशेब म्हणतो : स्वीकार.

पण बक्षीस चिंचोक्यांचे नाही, पुस्तकांचे आहे. पहिला येण्याची संधी जवळच्या चिंचोक्यांच्या प्रमाणात असते, पहिला ठरल्यावर दुसऱ्या क्रमांकाची संधी उरलेल्यांत त्याच प्रमाणात, अशी वाजवी समजूत धरून मी आकडे मांडले. पाने खाली ठेवली तर मजजवळ १५५ उरतात आणि माझी अपेक्षा सरासरी २.२१ पुस्तकांची राहते. पैज स्वीकारून जिंकलो तर ४९० होतात आणि अपेक्षा ४.१३ पुस्तकांची होते. हरलो तर चौथा, पुस्तक नाही. ४.१३ च्या ३५ टक्के म्हणजे १.४५. पाने ठेवण्याने २.२१, स्वीकारण्याने १.४५. निर्णय उलटला! या जागी पैज स्वीकारायची तर संधी ५३ टक्क्यांहून अधिक हवी होती.

असे का व्हावे? कारण चिंचोके तिप्पट झाले तरी पुस्तके तिप्पट होत नाहीत. पण चिंचोके शून्य झाले की पुस्तकेही शून्य होतात. मिळणाऱ्या चिंचोक्यापेक्षा गमावला जाणारा चिंचोका अधिक मोलाचा असतो. शेतकरी बियाणे विकून चैन करीत नाही, त्यामागे हेच शहाणपण आहे. याउलट स्पर्धेच्या आरंभी, आठ-दहा खेळाडू असताना आणि बक्षिसे दूर असताना, हा फरक अल्प असतो. तेथे चिंचोक्यांचा साधा हिशेब चालतो.

स्वतः पैज लावावी का?

अपुऱ्या रंगावर आपणच प्रथम पैज लावण्यात एक लाभ असतो. स्वीकारणाऱ्याला जिंकण्याचा एकच मार्ग : बदाम आला पाहिजे. पैज लावणाऱ्याला दोन : समोरचा हूल मानून पाने ठेवील, किंवा बदाम येईल. राशीत ६० असताना मी उरलेले सर्व ६० लावले आणि समोरच्याने ते स्वीकारले, तरी ३५ टक्के वेळा १२० मिळून व ६५ टक्के वेळा ६० जाऊन मला सरासरी ३ चिंचोके लाभतातच. त्याने पाने ठेवली तर साठही माझे. म्हणून सामान्यतः स्वीकारण्यापेक्षा लावणे बरे.

पण घरगुती स्पर्धेत हूल फारशी चालत नाही. तेथे काका, मावशी आणि शेजारी गप्पांसाठी जमलेले असतात, "बघू या तरी काय आहे!" म्हणून ते चिंचोके भरतातच. अशा मंडळींशी खेळताना हुलीवर भिस्त ठेवू नये. स्वस्तात पान पाहायला मिळाले तर पाहावे, महाग झाले तर ठेवून द्यावे, आणि रंग पुरा झाला की मग निःसंकोच पैज लावावी. तेव्हा ते भरतातच! शिवाय दोन गोष्टींचे भान असावे. माझा रंग राजाचा असेल तर कोणाकडे बदामाचा एक्का व दुसरा एखादा बदाम असणे शक्य आहे. आणि टेबलावर एखादी जोडी पडली असेल तर रंगाहून वरचा हातही कोणाचा झाला असू शकतो. नऊ पाने मोजताना ती नऊही खरोखर जिंकून देणारी आहेत का, हे तपासावे.

रीतीला गुण

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वरच्या उदाहरणात चौथ्या पानानंतर २० भरून, पुढे आणखी २० मिळतील या भरवशावर, मी योग्य निर्णय घेतला. तरी ४६ पैकी ३७ वेळा मी हरणारच. योग्य निर्णय पाचांत चार वेळा अपयशी दिसतो! आणि जो ६० भरून चुकीचा निर्णय घेतो, त्याला नऊ वेळा टाळ्या मिळतात. गणिताचा शिक्षक उत्तरपत्रिका तपासताना रीतीला गुण देतो. उत्तर योगायोगाने जुळले आणि रीत चुकली, तर गुण कापतो. पत्त्यांच्या टेबलावर मात्र रीत कोणी तपासत नाही, उत्तराला सारे गुण मिळतात. म्हणून ते काम खेळणाऱ्याने स्वतःच करावे लागते. डाव संपल्यावर "मी जिंकलो का?" या प्रश्नाऐवजी "त्या क्षणी मला जे ठाऊक होते, त्यावरून मी बरोबर ठरवले का?" हा प्रश्न विचारावा.

महाभारताच्या वनपर्वातील नलाची कथा या दृष्टीने वाचण्याजोगी आहे. द्यूतात राज्य हरलेला नल बाहुक नावाने अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो. विदर्भाकडे रथ दौडत असताना राजा बेहड्याच्या झाडाकडे एक दृष्टी टाकतो आणि पानाफळांची संख्या सांगतो. नल रथ थांबवून फळे मोजतो, संख्या जुळते. मग तो आपली अश्वविद्या देऊन राजाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म, शिकतो; आणि त्याच क्षणी कली त्याच्या देहातून बाहेर पडतो. द्यूतविद्या आणि मोजणीची विद्या कथाकाराने एकाच गुरूच्या ठायी ठेवल्या, हे मला फार अर्थपूर्ण वाटते. पूर्वीचा नल फाशावर भुलला होता. नंतरच्या नलाला फासा समजला होता. आणि पुष्करला जिंकल्यावर त्याने त्याला जीवदान दिले, हेही विसरता येत नाही.

हा विषय आज केवळ मनोरंजनाचा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीत पाने लक्षात ठेवण्याचे कौशल्य लागते, म्हणून ती निव्वळ नशिबाचा खेळ नव्हे असे ठरवले. तीनपत्तीला मात्र त्याच निकालात केवळ नशिबाचा खेळ म्हटले. पुढे मोबाइल आले आणि 'कौशल्याचा खेळ' हे शब्द जाहिरातीत शिरले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर, ते कौशल्याचे असोत वा नशिबाचे, बंदी घालणारा कायदा संमत केला. कायदा आपले काम करील. पण घराघरांत, मुलाच्या खिशात, कायदा किती पोचेल? तेथे पोचायला हवी ती समज. पहिल्याच रात्री चुकीच्या रीतीने जिंकलेला मुलगा ते आपले कौशल्य समजतो, आणि पुढचे सारे नुकसान त्या एका समजुतीतून होते. ज्याने नऊ आणि सदतीस यांचा हिशेब एकदा स्वतःच्या हाताने मांडला आहे, त्याला भुलवणे कठीण जाते. म्हणून घरात पोकर आले तर पालकांनी घाबरू नये. पैसे दूर ठेवावेत, चिंचोके मांडावेत आणि मुलाला प्रत्येक पैजेपूर्वी संधी व किंमत मोठ्याने सांगायला लावावी.

मुरारहून पश्चिमेला जो किल्ला आपल्याला रोज दिसतो, त्यावरील चतुर्भुज मंदिरात विक्रम संवत् ९३३ चा, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेचे माप सांगताना त्यात २७० ही संख्या आजच्यासारखेच शून्य देऊन कोरली आहे. देवाला बाग दिली तरी ती हातांनी मोजून लिहून ठेवावी, अशी या भूमीची जुनी शिस्त आहे. श्रद्धेला जिथे मोजणीचे वावडे नव्हते, तिथे खेळाला ते नसावे. आपल्या विद्यार्थ्यांनी जिंकावे वा हरावे. पण मोजून खेळावे आणि निकालापूर्वी आपल्या रीतीला स्वतःच गुण द्यायला शिकावे, एवढीच या लेखामागची इच्छा आहे.